प्रश्न वाचकांचे : एप्रिलअखेरचे आल्प्स आणि तीन दिवसांची रजा

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त म्युनिकला राहतो. एप्रिलच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे त्याच्याकडे जाणार आहोत. मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू धरून आम्ही सहा जण होऊ. मुलाला १ मेला जोडून रजा मिळते आहे, तेव्हा तीन दिवस आल्प्समध्ये घालवावेत असे मनात आहे. ओळखीचे सगळेच ‘एवढे जाताच आहात तर युंगफ्राऊयोख करूनच या’ असे सांगतात. सासूबाई ७६ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, यजमानांचे गुडघे दुखतात आणि आम्ही अंडेही खात नाही. त्या दिवसांत बर्फ पाहायला मिळेल का, आणि हे सारे तीन दिवसांत जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल, मात्र युंगफ्राऊयोखचा, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या त्या उंच, बर्फाळ रेल्वेस्थानकाचा हट्ट सोडावा लागेल. नकाशावर म्युनिक आणि स्वित्झर्लंड शेजारी शेजारी दिसत असले, तरी म्युनिकहून झुरिकला आगगाडीने साडेतीन ते चार तास, तिथून इंटरलाकेनला आणखी दोन तास आणि इंटरलाकेनहून ३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकापर्यंत पुन्हा दोन तासांच्या आसपास लागतात. तीन दिवसांतले दोन दिवस गाडीतच जातील आणि उरलेल्या एका दिवशी ढग उतरले, तर एवढे महागडे तिकीट काढूनही धुक्याखेरीज काही दिसायचे नाही. म्युनिककरांच्या दारात त्यांचे स्वतःचे आल्प्स आहेत. गार्मिश-पार्टेनकिर्खेन हे ७०० मीटर उंचीवरचे गाव म्युनिकच्या मुख्य स्थानकावरून साध्या प्रादेशिक गाडीने सव्वा ते दीड तासावर आहे. तिन्ही दिवस मुक्काम तिथेच ठेवावा आणि रोज सामान बांधण्याचा त्रास वाचवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एप्रिलअखेरीस आल्प्समध्ये दोन ऋतू एकाच वेळी नांदत असतात. खाली दरीत कुरणे हिरवी झालेली असतात, फळझाडे मोहरू लागतात. दोन हजार मीटरच्या वर मात्र अजून भर हिवाळा असतो. फसगत होते ती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. तिथला बर्फ दुपारी भुसभुशीत होऊन पाय घोट्यापर्यंत आत जातो, पायवाटा चिखलाने निसरड्या झालेल्या असतात, गुरे जूनपर्यंत वरच्या कुरणांवर जात नसल्यामुळे तिथली बरीच उपाहारगृहे बंद असतात, आणि हिवाळ्याचा हंगाम संपून उन्हाळ्याचा सुरू होईपर्यंत अनेक रोपवे देखभालीसाठी थांबवलेले असतात. म्हणून दोन दिवस दरीत फिरावे, एक दिवस थेट बर्फात जावे आणि मधल्या उंचीवरच्या पदभ्रमणाच्या फंदात पडू नये.

बर्फाचा दिवस त्सुगश्पिट्सेसाठी राखावा. २,९६२ मीटर उंचीचे हे जर्मनीतील सर्वोच्च शिखर असून ऑस्ट्रियाची सीमा त्याच्या माथ्यावरूनच जाते. वर जाण्याचे दोन मार्ग आपल्याला सोयीचे आहेत. एक म्हणजे १९३० साली सुरू झालेली दातेरी रुळांची गाडी. ती गार्मिशच्या मुख्य स्थानकाला लागून असलेल्या तिच्या स्वतंत्र स्थानकावरून निघते, आयब्झे तलावाजवळून पुढे लांबलचक बोगद्यात शिरते आणि सुमारे सव्वा तासाने २,६०० मीटरच्या आसपास असलेल्या हिमपठारावर सोडते. तिथून छोट्या रोपवेने काही मिनिटांत माथा गाठता येतो. दुसरा मार्ग म्हणजे आयब्झेहून थेट माथ्यावर नेणारा, डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला रोपवे. तो दहा मिनिटांत जवळजवळ १,९५० मीटर चढतो. जाताना गाडीने जावे आणि उतरताना रोपवे घ्यावा, म्हणजे सासूबाईंच्या शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला थोडा अवधी मिळेल. रोपवेही वसंतात काही दिवस देखभालीसाठी बंद ठेवतात, तेव्हा तारखा आधी पाहून घ्याव्यात.

माथ्यावरचा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. निरोगी माणसालाही जिना चढताना तिथे धाप लागते, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वी, पुण्यातच घ्यावा. वर पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे सर्वांनीच उपाहारगृहात बसून गरम काहीतरी घ्यावे आणि मग बाहेर पडावे. सासूबाई हिमपठारावरच थांबल्या तरी त्यांचे काही चुकत नाही. उलट बर्फात खेळण्याची मजा पठारावरच आहे, माथा हा प्रामुख्याने दृश्य पाहण्याचा सज्जा आहे. उजळ दिवशी तिथून चार देशांतली शिखरे दिसतात. नातवाच्या डोळ्यांवर गॉगल आणि गालांवर सनस्क्रीन हवेच, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा भाग परत फेकतो.

तीन दिवसांपैकी हा दिवस कोणता, हे पुण्यात बसून ठरवू नये. शिखरावरच्या कॅमेऱ्यांची चित्रे इंटरनेटवर सतत दिसतात. रोज सकाळी उठल्याबरोबर ती पाहावीत आणि आकाश मोकळे दिसले की सकाळच्याच गाडीने निघावे. येथे एका वाऱ्याची ओळख करून देणे आवश्यक आहे. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून आलेली हवा उत्तर उतारावरून खाली येताना दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. या वाऱ्याला तिकडे ‘फ्योन’ म्हणतात. फ्योन सुटला की म्युनिकमधून डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात आणि कित्येकांचे डोके दुखू लागते. असे स्वच्छ आकाश पाहून आपण उत्साहाने निघावे, तर माथ्यावर वादळी वारा असल्यामुळे रोपवे बंद! तेव्हा आकाशाइतकेच वाऱ्याच्या अंदाजाकडेही लक्ष ठेवावे.

उरलेल्या दोन दिवसांत घाई करू नये. आयब्झेच्या काठाकाठाने पूर्ण फेरी साडेसात किलोमीटरची होते. यजमानांनी सपाट भागात थोडे चालून पाण्यात पडलेले शिखराचे प्रतिबिंब पाहिले तरी पुरे. गार्मिशजवळची पार्टनाख घळ सुमारे ७०० मीटर लांब असून तिच्या कड्यांची उंची ८० मीटरपर्यंत जाते. कडा कोरून काढलेल्या ओल्या वाटेने, खाली वितळलेल्या बर्फाचे पाणी घोंघावत असताना चालण्याचा अनुभव न्यारा आहे. पण वाट निसरडी असते आणि पाणी फार वाढले तर ती बंदही करतात. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्की-मैदानापासून पुढे बरेच चालावे लागते, म्हणून गुडघे कुरकुरत असतील तर हा कार्यक्रम मुलगा, सून आणि नातवावर सोपवावा. वडीलधाऱ्यांसाठी मिटेनवाल्ड अधिक योग्य ठरेल. गार्मिशहून गाडीने ते अर्ध्या तासाच्या आत येते. घराघरांच्या दर्शनी भिंतींवर चित्रे रंगवलेल्या या गावात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून व्हायोलिने घडवली जातात आणि त्या कलेचे छोटे संग्रहालयही आहे. गावाबाहेरच्या उंचसखल कुरणांवर त्याच सुमारास निळ्याजांभळ्या जेन्शनची फुले उमलू लागतात.

१ मे हा तिकडेही सुटीचा दिवस आहे. बव्हेरियातील, म्हणजे म्युनिक आणि गार्मिश ज्या जर्मन राज्यात आहेत तिथल्या पुष्कळ गावांत त्या दिवशी निळ्या-पांढऱ्या रंगांचा उंच ‘मायबाउम’, म्हणजे मे महिन्याचा खांब उभारतात. गावातले तरुण टोकाशी बांधलेल्या काठ्यांच्या जोड्या खांबाला टेकवतात, म्होरक्याच्या आरोळीसरशी एकदम रेटा देतात आणि खांब वीतभर वर सरकतो; मग पुन्हा पकड बदलायची, पुन्हा आरोळी. महाराष्ट्र दिनाची सकाळ अशी घालवायला हरकत नसावी. मात्र १ मेला आणि रविवारी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून दूध, भाजी ३० एप्रिललाच भरून ठेवावी. अंडे चालत नसल्यामुळे हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेणे श्रेयस्कर. तिथल्या चीजमध्ये घोळवलेल्या ‘श्पेट्सले’ या लोकप्रिय शाकाहारी पदार्थाच्या पिठातही अंडे असते. पांढऱ्या शतावरीचा हंगाम तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. ती नेहमीच्या पिवळ्या सॉसऐवजी वितळलेल्या लोण्याबरोबर मागावी, कारण त्या सॉसमध्येही अंड्याचा बलक असतो.

तिकिटांबाबत आपले कुटुंब नशीबवान आहे. ‘बायर्न तिकीट’ (बायर्न म्हणजेच बव्हेरिया) हे दिवसाचे सामायिक तिकीट पाच जणांपर्यंत चालते आणि सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, म्हणजे आपण सहाही जण एकाच तिकिटात बसता. कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतर लागू होते, वेगवान आंतरशहरी गाड्यांना चालत नाही आणि त्यावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. त्सुगश्पिट्सेच्या गाडीचे तिकीट वेगळे घ्यावे. ऑस्ट्रियात डोकावणार असाल, तर शेंगेन व्हिसा पुरतो; तरी पारपत्रे जवळ ठेवावीत, कारण परतताना जर्मन पोलीस ती तपासू शकतात.

प्रश्न : मेच्या मध्यास झुरिकला बहिणीकडे जाणार आहोत. एकच दिवस मोकळा आहे. मोटार भाड्याने घेऊन एखादा घाट पाहावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घाट पाहण्याचा हा काळ नव्हे. फुर्का, ग्रिम्झेल, झुस्टेन हे उंच घाट बहुधा मेअखेर किंवा जून उजाडेपर्यंत बर्फामुळे बंदच असतात. त्याऐवजी गाडीने पाऊण-एक तासात ल्युसर्न गाठावे, तिथून बोटीने तासाभरात फिट्सनाऊला उतरावे आणि १८७१ साली सुरू झालेल्या, युरोपातील पहिल्या दातेरी रुळांच्या डोंगरी गाडीने रिगीच्या माथ्यावर जावे. उंची १,८०० मीटरच्या आतच असल्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. उतरताना दुसऱ्या बाजूच्या गाडीने गोल्डाऊला यावे; तिथून झुरिकची गाडी मिळते आणि आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट मात्र मे असला तरी घरी ठेवू नये.