समुद्रकिनाऱ्यावरून मासे गरवायला सुरुवात कशी करू? रॉड कुठला घेऊ?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं, तुम्ही पुण्यात असता, सासुरवाडी रत्नागिरीजवळच्या पावस गावापाशी, दोन-तीन महिन्यांतून एक चक्कर होते, बजेट दहा हजार, यूट्यूबवर बघून बारा फुटी सर्फ रॉड पसंत करून ठेवलाय, आणि आता विचारताय की तो घेऊ का, आमिष काय लावू, लायसन लागतं का आणि सात वर्षांच्या मुलीला नेलं तर चालेल का.

रॉड आत्ता घेऊच नका. मी रत्नागिरीचा, शाळेत असल्यापासून गरवतोय, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरतोय, आणि शहरातून येणारी नवीन मंडळी बघतो ती सगळी एकाच क्रमाने जातात, आधी सामान, मग जागा, मग सुट्टी कधी आहे ते, आणि भरती-ओहोटी कुणाच्या खिजगणतीतच नसते. हे उलटं करायचं. पाणी कधी चढतंय आणि कुठून वाहतंय एवढं कळलं तर दोन-तीनशे रुपयांच्या हातदोरीला, म्हणजे रॉडशिवाय हातानेच टाकायच्या दोराला पण मासा लागतो, आणि नाही कळलं तर भारीतला रॉड घेऊन ऐन सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळूत उभं राहायचं आणि काळंठिक्कर होऊन घरी यायचं.

भरतीचा हिशोब आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुक्ल असो की कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासून. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि मग परत तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. हे गणित मुंबईकडे जास्त बरोबर बसतं, दक्षिणेला खाली याल तशी भरती जरा आधी लागते, म्हणून रत्नागिरी-पावसला अर्धा-पाऊण तास आधी धरा. मोबाईलवर टाइडची अॅप्स आहेतच, मी पण बघतो, पण पुण्यात बसून पुढच्या महिन्यातला शनिवार-रविवार ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता यातली खरी कामाची गोष्ट. मासा सगळ्यात जास्त खातो तो अंधार-उजेडाच्या वेळेला, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि किनाऱ्यालगत येतो तो पाणी चढत असताना. या दोन्ही गोष्टी एकत्र कधी येतात, तर साधारण सप्तमी ते दशमी, कारण तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या मानाने पडते, आणि वर भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते, असल्यामुळे पाण्याला ओढ कमी असते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एवढं ओढतं की दोराला बांधलेलं शिशाचं वजन तळाला थांबत नाही, दोर कुठल्या कुठे जातो, पाणी गढूळ होतं ते वेगळंच. जुने गरवणारे उधाणाला पण मासे काढतात, पण नवख्या माणसाला आपला दोर नेमका कुठे आहे हेच कळत नाही. तेव्हा पहिल्या काही वेळा भांगाला जा आणि भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन तास अन् पाणी फिरल्यावरचा एखादा तास एवढंच बसा, त्याच्या आधी-नंतर चहा प्या.

जागा. पावसहून तुम्हाला एका बाजूला गणेशगुळे आणि दुसऱ्या बाजूला पूर्णगड, दोन्ही हाकेच्या अंतरावर. गणेशगुळ्याची वाळू छान आहे पण नुसत्या मोकळ्या वाळूत सुरुवात करू नका, तिथे मासा फिरत असतो, थांबत नाही. वाळू संपून खडप (खडकाळ किनारा) सुरू होतं तो कोपरा बघा. त्यापेक्षा पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते ते तोंड नवीन माणसाला जास्त चांगलं. तिथे मात्र सुकती लागतानाचा पहिला तास सोडू नका, कारण खाडीतली सगळी करंदी (बारीक कोळंबी) आणि बोयट माशांची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर वाहत येतात आणि मोठा मासा तोंडाशी टपून असतो. रत्नागिरीत असाल तर मांडवीची जेटी, संध्याकाळी कोणी ना कोणी दोर टाकून बसलेलं असतंच. पहिल्या दिवशी तुम्ही दोर टाकूच नका असं मी म्हणेन, नुसते त्यांच्या बाजूला जाऊन बसा. "काका, आज काय लागतंय?" एवढं विचारलं की माणूस सुरू होतो, आधी थोडा आखडेल, मग आमिष कसं लावायचं ते स्वतःच दाखवेल. फक्त त्यांच्या दोरावरून आपला दोर टाकायचा नाही. खाडीत थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या तरंगताना दिसल्या तर खाली कोणाचं तरी जाळं आहे, तिकडे गरी टाकायची नाही, आणि किनाऱ्यावर रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर आपलं सामान गुंडाळून ओढायला हात लावा, ओळखी होतात.

हातदोरीला काय लागतं ते सांगतो. पन्नास मीटर तंगूस (नायलॉनचा दोर), अर्धा एमएम जाडीचा, यापेक्षा बारीक घेतलात तर मोठा मासा लागला की बोटं कापतात. गुंडाळायला प्लास्टिकची रिकामी बाटली. तीस-चाळीस ग्रॅमची शिसं, थोड्या फिरक्या (दोराला पीळ पडू नये म्हणून मधे लावायच्या फिरत्या कड्या) आणि गऱ्या. गऱ्यांचे नंबर लोकांना गोंधळात टाकतात, आठ नंबरची गरी सहापेक्षा लहान असते, म्हणजे आकडा मोठा तशी गरी लहान, आणि एकच्या पुढे गेलं की १/०, २/० असं लिहितात, तिथे मात्र आकडा वाढेल तशी गरी मोठी. वाळूतल्या मुडदुशी माशाला सहा-आठ नंबर, खडपातल्या तांबोशी माशाला १/० ठेवा. दोन्हीची एकेक पुडी घेतली की झालं.

बांधायचं असं, मूळ दोरात आरपार भोक असलेलं शिसं मोकळं ओवायचं, त्याच्याखाली फिरकी, फिरकीच्या पुढे हात-दीड हात दोर आणि गरी. शिसं मोकळं असल्यामुळे मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला वजन जाणवत नाही. ही बांधणी वाळूतली आणि खाडीतली. खडपात हेच टाकलंत तर शिसं दर वेळी कपारीत अडकणार, म्हणून तिथे शिसं सगळ्यात खाली आणि बारीक कमजोर तंगुसावर बांधतात, अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि मासा वर येतो. आमच्याकडे खडपात शिशाऐवजी जुने नट-बोल्ट नाहीतर गॅरेजमधले वाया गेलेले स्पार्क प्लग लावतात, गेले तरी दुःख नाही.

गाठ घरी बसून शिका, पुण्यात, टीव्ही बघता बघता. दोर गरीच्या डोळ्यातून ओवा, त्याच दोराभोवती पाच-सहा पिळे द्या, टोक मागे आणून डोळ्याला लागून जी फट राहते तिच्यातून काढा, त्यामुळे बाहेर जो मोठा फास होतो त्यातून परत घाला, आणि मग ओढा. ओढायच्या आधी थुंकी लावून गाठ ओली करायचीच, कोरडा तंगूस ओढताना घासून तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो, मग "केवढा मोठा होता, दोर तोडून गेला" म्हणून लोक सांगत फिरतात, तुटलेली असते गाठ.

आमिषाला ताजी कोळंबी, दुसरं काही शोधायला जाऊ नका. सकाळी मासळीबाजारातून लहान साइजची घ्या, सोललेली नको, कवच राहू द्या. डोकं मोडायचं, गरी तिथून आत घालायची आणि कोळंबीच्या बाकाबरोबर वळवत नेऊन शेपटीच्या अलीकडे पोटातून टोक जरासं बाहेर काढायचं. आख्खी गरी झाकली आणि टोक उघडं राहिलं की बरोबर. फ्रीजरमधली कोळंबी लिबलिबीत होते, फेकतानाच सुटून जाते, तीच वापरायची वेळ आली तर रात्री जाडं मीठ लावून ठेवा, घट्ट होते. म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) पट्ट्या पण चांगल्या, चिवट असतात, खेकडे कुरतडत बसले तरी टिकतात.

दोर टाकल्यावर तो तर्जनीवर घेऊन किंचित ताणून धरायचा, आणि इथेच हातदोरीचा फायदा आहे जो रॉडवाल्यांना मिळत नाही, खाली कोण आहे ते बोटाला कळायला लागतं. बारीक बारीक सारखी टकटक चालू असेल तर खेकडा नाहीतर चिल्लर मासा. मुडदुशी भराभर दोन-तीन हिसके देते. तांबोशी एकदा हलकं चाचपते, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग एकदम दोर घेऊन खडपाकडे पळते, त्या क्षणी ढील दिलीत तर गेली कपारीत, मग काढा बाहेर. शिंगाळा जड जड ओढत राहतो.

शिंगाळ्याचं नीट ऐका कारण खाडीत तुमचा पहिला मासा तोच असायची शक्यता जास्त. त्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. उघड्या हाताने धरायचा नाही, पकडीने गरी काढायची, नाही जमलं तर दोर कापून टाकायचा, गरी दोन रुपयांची आहे. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो, आणि मग डॉक्टर गाठायचा. पाकटाच्या (स्टिंग रे माशाच्या) शेपटीच्या काट्याला पण तेच, म्हणून वाळूत गुडघाभर पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, पाकट आधीच बाजूला होतं. आणि केंड. पोट फुगवून फुग्यासारखा होतो तो, पोरांना गंमत वाटते. परत पाण्यात सोडा, कोणी काही सांगो, खायचा नाही, त्याच्या विषावर औषध नाही.

खडपावर जाणार असाल तर पोचल्यावर पंधरा मिनिटं नुसती लाट बघा. बारीक लाटा येत राहतात आणि मधेच एक-दोन मोठ्या येतात, जिथपर्यंत खडक ओला आणि काळा-हिरवा शेवाळलेला दिसतो तिथपर्यंत ती मोठी येते असं समजायचं आणि त्याच्या बऱ्याच वर उभं राहायचं. समुद्राला पाठ करायची नाही, सेल्फीसाठी तर नाहीच. चढत्या पाण्यात मागची वाट बुडते, तेव्हा पुढच्या खडकावर जाण्याआधी परतीचा रस्ता किती उंच आहे ते बघून ठेवा. रबरी चप्पल नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मागे पट्टा असलेली सँडल नाहीतर जुने बूट. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत खडपावर पाऊलच टाकू नका, कितीही पोहता येत असलं तरी.

लायसनचं म्हणाल तर महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा आहे, त्यातली परवान्याची भानगड नौकांसाठी. १ जून ते ३१ जुलैची बंदी पण यांत्रिक बोटींना असते, काठावरून दोर टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही. पण बंदराच्या आणि नेव्हीच्या हद्दीत जायचं नाही, आणि कधी मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे १९८७ पासून, तिथे गाभा क्षेत्रात मासे मारायला मनाई आहे, आधी चौकशी करा. पूर्णगडच्या पलीकडे गावखडीला थंडीत कासवं अंडी घालायला येतात, त्या दिवसांत रात्री तिथे बॅटरी घेऊन फिरू नका. आणि गुंतलेला तंगूस खिशात घालून परत आणायचा, तिथे टाकला की पक्ष्यांच्या नाहीतर कासवांच्या गळ्यात जातो.

चार-पाच चकरा झाल्या, अजून हौस टिकलीय असं वाटलं की मग रॉड. आठ-नऊ फुटी, दोन तुकड्यांचा, फायबरग्लासचा, कार्बन नको, तो हलका असतो पण खडकावर आपटला की गेला. ४००० साइजचं स्पिनिंग रील आणि ०.३५ एमएमचा मोनो (एकधागी) तंगूस, ब्रेडेड (विणलेला) दोर नंतर, त्याचा गुंता सोडवताना नवीन माणूस रडकुंडीला येतो. दहा हजारांच्या निम्म्यात हे सगळं बसतं. बारा फुटी रॉड लांबच्या लाटेपलीकडे फेकायला असतो, तुमचा मासा पहिल्या वीस-तीस मीटरात आहे. घरी आल्यावर रील साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, नळाची जोरदार धार मारली तर खारं पाणी उलट आत जातं.

मुलीला जरूर न्या, पण जेटीवर किंवा खाडीच्या कडेला, खडपावर नाही. लाइफ जॅकेट घालूनच, आणि दोर फेकताना ती तुमच्या मागे नसावी, शिसं डोक्याला लागलं तर वाईट लागतं. तिच्यासाठी वेगळी छोटी हातदोरी करा, आठ नंबरची गरी, आणि गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाका, बोटात घुसली तरी सहज निघते. लहान पोरांना दोन तासांचा धीर नसतो, त्यामुळे तिला शेवटच्या तासाला घेऊन या, बाकीचा वेळ आजीकडे.

पुढची चक्कर कधी आहे ती तारीख कमेंटमध्ये टाका, त्या दिवशी पाणी कसं आहे ते बघून सकाळी बसायचं की संध्याकाळी ते सांगतो.