पाच तारखेचा पाऊस म्हणजे नेमका कधीचा?

'नदी पावसाच्या आधीच चढलेली दिसते, आणि मेंटर म्हणतात अजून मोठं मॉडेल लावून बघ,' हे तुझ्या इथल्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. कोल्हापूरच्या पंचगंगेच्या पातळीचा अंदाज सांगणारं मॉडेल, थोड्या आठवड्यांची इंटर्नशिप, हातात तालुक्यांचा रोजचा पाऊस आणि नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. शेवटच्या वर्षाला असताना मी जवळजवळ हेच काम केलं आणि हाच आलेख माझ्याही समोर होता. तू तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

पायथॉन, आलेख वगैरे तुला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. मॉडेलला तर आत्ता हातच लावू नकोस. पाऊस किती वाजता मोजला ते आधी विचार.

आपल्याकडे पर्जन्यमापकाची रोजची नोंद सकाळी साडेआठला होते. ५ ऑगस्टपुढे लिहिलेला आकडा म्हणजे ४ च्या सकाळी साडेआठपासून ५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. त्यातले साडेपंधरा तास आदल्या तारखेचे! मी मात्र तो ५ तारखेचा, मध्यरात्र ते मध्यरात्र असा धरला आणि तासातासाच्या पातळीशेजारी मांडला. मग काय, नदी ४ च्या संध्याकाळीच चढायला लागलेली.

इथपर्यंत कुणाचीही चूक होईल. मला महागात पडलं ते पुढचं. मी त्या चुकीला कारण शोधून दिलं. धरण भरलं की राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावती नदीतून पंचगंगेत येतं, हे खरंच आहे. त्यामुळे पावसाआधीची वाढ ही विसर्गाची, असं मी अहवालात दोन पानं भरून लिहिलं. त्या दिवशी दरवाजे उघडले होते का, हे एकदाही पाहिलं नाही. कारण इतकं पटण्यासारखं होतं की मेंटरांनाही पटलं.

गाठ सुटली ती गहाळ नोंदी आणायला एका तालुक्याच्या गावी गेले तेव्हा. पावसाळी सकाळ. तिथल्या काकांनी पर्जन्यमापकातली बाटली काढली, पाणी मोजपात्रात ओतलं, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचला आणि रजिस्टरमध्ये आजच्या तारखेपुढे लिहिला. मी विचारलं, 'हा आजचा पाऊस?' ते म्हणाले, 'आजचा कसा, आज अजून पडायचाय. हा कालपासनंचा.' सादरीकरणाला पाच दिवस उरले होते. परत येऊन सगळं पुन्हा केलं. ती दोन पानं काढून टाकली आणि वाढ पावसाच्या मागे आली, जिथे ती असायला हवी होती.

हे तीन आठवडे आधी कळलं असतं. ज्या कार्यालयाकडून डेटा मिळायचा होता (नाव घेत नाही) त्यांनी आधी कॉलेजचं पत्र मागितलं, मग विभागप्रमुखांच्या सहीचं, मग 'साहेब दौऱ्यावर आहेत'. शेवटी मिळाली ती स्कॅन केलेली छापील पानं, वाचनाच्या वेळेचा उल्लेख कुठेच नाही. लोकांच्या घरात पाणी शिरतं त्या नदीची माहिती अशी अडवून ठेवावी, याचा मला आजही संताप येतो. पत्रांचं काम पहिल्या दिवशीच सुरू कर आणि तोवर थांबून राहू नकोस.

आणखी काही गोष्टी सुचल्या तशा सांगते. उपग्रहावरून अंदाजलेला पाऊस वापरणार असशील तर त्याचा दिवस सहसा ग्रिनिच वेळेने असतो, आपल्या पहाटे साडेपाचपासून. त्याचा ४ तारखेचा पाऊस हा साधारण आपल्या नोंदीतला ५ तारखेचा. तारखा सरळ जोडल्यास तर पुन्हा तोच घोळ.

बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात येते. ४२ फूट १० इंच हे कुणीतरी ४२.१० असं टाइप करतं आणि मॉडेल त्याला ४२.१ समजतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. धोक्याला दोनच इंच कमी असताना तुझं मॉडेल जवळजवळ फूटभर अंतर दाखवेल. दशांशानंतर ११ दिसतंय पण त्यापुढचा आकडा कधीच दिसत नाही असं आहे का ते शोध, तसं असेल तर ते बहुधा इंच आहेत.

आणि मॉडेलची चाचणी घ्यायला बाजूला ठेवायचे दिवस यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडू नकोस. ४ आणि ६ ची पातळी शिकलेल्या मॉडेलला ५ ची विचारली तर ते बरोबर सांगणारच. अख्खं वर्ष बाजूला ठेव. माझं मत विचारशील तर २०१९ किंवा २०२१, कारण महापुरात चुकणारं मॉडेल काय कामाचं? अचूकतेचा आकडा वाईट येईल, पण अहवालात तोच लिही.

मी जलशास्त्राची नाही, संख्याशास्त्राची आहे. दरवाज्यांचा विसर्ग मॉडेलमध्ये कसा घ्यावा हे जाणकारांनी सांगावं. पाऊस मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी वेगळ्या पद्धतीच्या असू शकतात, म्हणून केंद्रागणिक विचारून घे.

तुझ्या फाइलमध्ये वाचनाच्या वेळेचा रकाना आहे का ते आज बघ आणि इथेच कळव. नसेल तर सगळा पाऊस एक दिवस मागे सरकवून तोच आलेख पुन्हा काढ आणि तोही टाक.