तुडतुड्यांवर निलगिरी तेल चालेल का?

प्रश्न : परसात हापूसची दोन मोठी झाडं आहेत. मोहर भरपूर आलाय पण तुडतुडे इतके झालेत की पानं चिकट होऊन काळी पडायला लागलीत. मुलं झाडाखालीच खेळतात म्हणून कडक औषध नको वाटतं. एका व्हिडिओत निलगिरी आणि सिट्रोनेला तेल पाण्यात घालून फवारायला सांगितलंय, मारू का? (एक गृहिणी, राजापूर)

उत्तर : ताई, मुलांची काळजी अगदी रास्त आहे, पण मोहरावर हे तेल नका मारू. ही तेलं किड्यांना लागतात हे खरं, लवंग तेलातलं युजेनॉल तर थेट त्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतं, पण ती उडून जाणारी तेलं आहेत, कोकणातल्या दुपारच्या उन्हात काही तासांत वास गेला की असर पण गेला आणि तुडतुडे शेजारच्या झाडावरून परत हजर. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, मग पंपातून कुठे नुसतं पाणी तर कुठे निव्वळ तेल पडतं आणि तिथला मोहर करपतो. कुंडीतल्या रोपावर, आधी एका फांदीवर बघून, जरूर वापरा, तिथे पुन्हा पुन्हा मारता येतं. 25-30 फुटी आंब्यावर ते कोण करणार?

त्यापेक्षा निंबोळीचं औषध घ्या. ते असं उडून जात नाही, आणि त्यातलं अझाडिरॅक्टिन पिल्लांना कात टाकू देत नाही, खाणंही कमी करतं. बाटलीवर 1500 पीपीएम (म्हणजे त्यातल्या अझाडिरॅक्टिनचं प्रमाण) लिहिलेलं असेल तर साधारण 5 मिली एक लिटर पाण्याला, तरी बाटलीवरचं प्रमाण बघाच. संध्याकाळी मारा, मोहरावर माश्या-मधमाश्या फिरत असतात आणि फळधारणा त्यांच्याच जिवावर होते. दुसऱ्या दिवशी तुडतुडे मेलेले दिसणार नाहीत, हे औषध सावकाश चालतं, घाबरू नका. फांदी हलवल्यावर अजूनही तडतड आवाज करत थवाच उडत असेल तर मात्र कृषी सहायकांना झाड दाखवा. आणि आंबे उतरल्यावर आतल्या दाट फांद्या विरळ करा, ऊन आत शिरलं की तुडतुड्यांना लपायला जागा राहत नाही.

प्रश्न : आंबा बाहेरून छान दिसतो, कापला की आत अळ्या. यावर काही नैसर्गिक उपाय? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : ही फळमाशी. इथे मात्र वनस्पतीतला वासच खरा कामाला येतो! तुळशीच्या तेलात मिथाइल युजेनॉल असतं, त्याच्या वासाला नर माश्या वेड्यासारख्या धावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच तत्त्वावर आहे. नर अडकले की माद्यांचं मीलन होत नाही आणि पुढची पिढी घटते. पण आधीच मीलन झालेली मादी फळात अंडी घालणारच, म्हणून अळ्या दिसल्यावर सापळा लावून उपयोग नाही, फळं पक्व व्हायच्या आधीच टांगा. पडलेले आंबे रोज गोळा करून खोल पुरा, कारण अळी फळातून निघून तिथेच मातीत कोषात जाते.