फिनेस पद्धतीच्या बास मासेमारीसाठी स्पिनिंग रॉडची अ‍ॅक्शन कोणती घ्यावी?

फिनेस म्हणजे बारीक लाइन आणि लहान आमिषे वापरून केलेली नाजूक मासेमारी. अमेरिकेतील मिशिगनच्या लेक सेंट क्लेअर या तलावावर ड्रॉप शॉट (खाली वजन आणि त्याच्या वर लाइनला बांधलेला गळ) आणि नेड रिगने (लहान वजनदार गळावर आखूड मऊ आमिष) स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा धरण्यासाठी सात फुटी, मीडियम-लाइट पॉवरचा रॉड (गळकाठी) फास्ट अ‍ॅक्शनचा घ्यावा की एक्स्ट्रा-फास्ट, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फास्टच घ्यावा.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला लागणारा जोर, तर अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते; फास्ट रॉड साधारण वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो आणि एक्स्ट्रा-फास्ट जवळजवळ टोकाशीच. ड्रॉप शॉटवर बास आमिष घेतो तेव्हा पुष्कळदा हिसका बसतच नाही, लाइन फक्त किंचित जड लागते. अशा वेळी झटका देऊ नये. ढिली लाइन रीलने गुंडाळत रॉड संथपणे उचलला, की बारीक तारेचा उघडा गळ आपोआप रुततो. पुढे बोटीजवळ आलेला स्मॉलमाउथ अचानक खोल बुडी मारतो, तेव्हा सहा ते आठ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा लाइनचा तुकडा) तुटू नये म्हणून तो धक्का रॉडच्या बाकाने आणि रीलच्या नीट बसवलेल्या ड्रॅगने (ताण वाढला की लाइन सुटू देणाऱ्या ब्रेकने) झेलावा लागतो, आणि तिथे एक्स्ट्रा-फास्ट रॉड कमी सांभाळून घेतो.

शेकी हेडमध्ये (डोक्याशी वजन असलेल्या, तळाशी हलवायच्या गळात) मात्र गळ मऊ प्लॅस्टिकच्या किड्यात दडवलेला असतो व तो ठामपणे रोवावा लागतो, म्हणून तिथे एक्स्ट्रा-फास्ट शोभतो. लहान क्रँकबेटसाठी (ओढताना पोहणाऱ्या कडक आमिषासाठी) साधारण मध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट घ्यावा.

प्रत्येक कंपनीचे ‘फास्ट’ सारखे नसते, त्यामुळे दुकानात टोक हलकेच ओढून बाक कुठे पडतो ते स्वतः पाहावे.