तुमचा खेळ कोणता?

(शालेय क्रीडाशिक्षणाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना एका निवृत्त क्रीडाशिक्षकाची उत्तरे)

प्रश्न : आदरणीय सर, मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातला आहे. महाविद्यालयात असताना कबड्डी, खो-खो, लांब उडी आणि ४०० मीटर धावणे या चारही प्रकारांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलो, पण एकाही प्रकारात त्यापुढे मजल गेली नाही. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदवी) केले आणि जूनपासून गावाजवळच्या शाळेत मानधनावर खेळ शिकवतो आहे. मुख्याध्यापक विचारतात, ‘तुमचा खेळ कोणता?’ मला उत्तर देता येत नाही. एकच खेळ धरून बसावे का? शिवाय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात तेव्हा मैदानात चिखल असतो, आणि पुढे मुली कापूस वेचणीला जातात. सराव घ्यायचा कसा?

उत्तर : एकच खेळ धरून बसू नका. तुमच्यासमोर पाचवी ते दहावीची मुले आहेत आणि त्यांपैकी कोणाचे शरीर पुढे कोणत्या खेळाला साथ देईल, हे त्या वयात खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा त्यांना चार खेळांची ओळख करून देणारा शिक्षक मिळणे ही त्या गावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. आपल्या वऱ्हाडात ही रीत जुनीच आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती.

चार खेळ खेळल्याचा उपयोग नेमका कुठे होतो, ते पाहा. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की खांबापर्यंत माघारी फिरता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही, म्हणून तो विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेल्या गड्याला खो देतो. पळणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू मोकळ्या असतात. खांदा एकीकडे नेऊन पाय दुसरीकडे टाकण्याची जी हुलकावणी पळणारा शिकतो, तीच कबड्डीच्या चढाईत कोपऱ्यातल्या रक्षकाला चकवते. पकडीतून निसटून मध्यरेषेकडे झेपावताना लांब उडीचा जोर कामी येतो, आणि ४०० मीटर धावलेल्या मुलाचा दम खो-खोच्या नऊ मिनिटांच्या डावात उशिरा तुटतो. एकच खेळ खेळलेल्या शिक्षकाला हे धागे सहसा दिसत नाहीत. तुम्हाला ते दिसतील, पण ते मुलांना उलगडून सांगता यायला हवेत, आणि माझी स्वतःची चूक इथेच झाली होती.

मीही महाविद्यालयात तीन खेळ खेळलो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सगळे स्वतः करून दाखवत असे. मुले टाळ्या वाजवत आणि तासिका संपून जाई. एक दिवस आठवीतल्या एका मुलीने माझे पाहून खांबाजवळ सूर मारला आणि तिचे मनगट मोडले. मला सूर मारता येत होता, पण तो मला कसा येतो हे मी कधी स्वतःलाही विचारले नव्हते. पुढची सुट्टी मी त्या एका कौशल्याचे तुकडे पाडण्यात घालवली: आधी गुडघ्यावर बसून भुसभुशीत मातीवर छाती टेकवणे, मग उकिडवे बसून, मग चालत येऊन, आणि धावत येऊन सूर मारणे सर्वांत शेवटी. तुमच्या प्रत्येक खेळातले प्रत्येक कौशल्य असे वहीत उतरवून काढा. पदकांपेक्षा ती वही तुम्हाला अधिक वर्षे पुरेल, असे मी अनुभवाने सांगतो.

मैदानाबद्दल. काळी माती पावसात निसरडी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ग्रामपंचायतीकडे शब्द टाकून मे महिन्यातच मुरमाचा थर पसरून दाबून घ्या आणि उताराच्या बाजूला पाण्यासाठी चर काढा. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, मुलींच्या कबड्डीचे १२ बाय ८. सुरुवातीला एवढाच तुकडा कोरडा राहिला तरी पुरे. फक्की मात्र रोज मारा, कारण रेषेशिवाय सराव केलेली मुले स्पर्धेत रेषेवरच बाद होतात.

वेचणीचा प्रश्न घरच्या मिळकतीचा आहे, त्यामुळे पालकांना उपदेश करू नका. आठवड्यातली एक सकाळ, बहुधा शनिवारची, मैदानासाठी मागून घ्या. ती मागणी पालक सहसा मान्य करतात. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या मुलीकडून संध्याकाळी पुन्हा पाटीवर (खो-खोत गडी बसतात त्या जागेवर) उठबस करून घेणे मला निर्दयपणाचे वाटते. त्या दिवशी हलके ताण द्या, नियम समजावून सांगा, मूठभर फुटाणे आणि गूळ खायला द्या.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या मुलींनी विजेतेपद मिळवल्यापासून तिला फक्त खो-खोच खेळायचे आहे. सर तिला धावायला आणि भालाफेकीलाही लावतात. तिच्या गुडघ्याखाली दुखते. सरांना एकच खेळ ठेवायला सांगू का? (एक पालक, जि. वाशिम)

उत्तर : सरांना थांबवू नका. खो-खोत बसून झटक्यात उठण्याची क्रिया शेकडो वेळा होते आणि वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूची ओढ गुडघ्याखालच्या हाडावर, जिथे तो जोडलेला असतो, तिथे सतत बसत राहते. दुखणे बहुधा त्यामुळे असावे, परंतु त्याची खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्या. सूज असेल, ती लंगडत असेल किंवा रात्री दुखत असेल तर उद्याच जा. दुखणे थांबेपर्यंत पाटीवरची उठबस आणि उड्या बंद ठेवाव्यात, धावणेही दुखणार नाही इतकेच असावे. भालाफेकीत आधी उभ्याने, धाव न घेता फेकण्याचा सराव घेता येईल. हे सारे तिच्या सरांना आजच सांगा, कारण मुली दुखणे मैदानावर बोलून दाखवत नाहीत.