अडसर कुणी घातला?

प्रश्न : मुलीनं निबंधात ‘वादळात झाड पडलं आणि रस्त्यात अडसर झाला’ असं लिहिलं. बाईंनी ‘अडसर’ खोडून ‘अडथळा’ केलं. दोन्हींचा अर्थ एकच ना?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अर्थ आज जवळजवळ एकच झालाय, तरी मी बाईंच्या बाजूची. कारण अडसर मी लहानपणी रोज रात्री हातानं ओढलाय.

शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराला दोन फळ्यांचं दार होतं. दाराला लागून भिंतीत चौकोनी भोक, दाराच्या रुंदीइतकं खोल. दिवसा अडसर, म्हणजे दार आतून बंद करायचा लाकडी दांडा, त्यात सरकवलेला असायचा, टोकाची लोखंडी कडी तेवढी बाहेर. दिवेलागण झाली, जेवणं आटोपली की कडी धरून तो दांडा खर्रर्र ओढायचा आणि पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत बसवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. आज्जी अंथरुणातनंच विचारायची, “आडसर लावलास न्हवं?” ‘लावला’ ऐकल्यावरच तिचा डोळा लागायचा.

आतल्यांना अडसर म्हणजे निर्धास्त झोप. अडायचा तो बाहेरचा. ‘लग्नात पत्रिकेचा अडसर आला’ म्हणताना आपण त्या बंद दाराबाहेर उभे असतो. अडसर कुणीतरी मुद्दाम घातलेला असतो आणि काढावा लागतो तोही आतूनच. म्हणून ‘अडसर दूर झाला’ या बातमीत कुणीतरी हात हलवल्याचं मला ऐकू येतं. झाड कुणी घातलं नव्हतं, ते पडलं. त्याला अडथळाच म्हणावं.

‘खोडा’ही लाकडाचाच, कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका. म्हणून चालत्या कामालाच खोडा घातला जातो. लोढणं निराळं. ते ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतात. गुराला चरता येतं, उधळता येत नाही.

मुलीला एकदा कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर न्या. पावसाळा सरला की तिथं खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पंचगंगेचं पाणी अडवतात, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ते काढून घेतात. त्या बरग्यांना तिनं निबंधात अडसर म्हटलं, तर मी तो शब्द खोडणार नाही.