मसाला कंपनीत परचेसचं काम, पुढे काही आहे का?

प्रश्न: सर, बी.कॉम. करून सांगलीत छोट्या मसाला कंपनीत परचेसला लागलोय, दिवसभर नुसते फोन आणि बिलं. सोडू का?

उत्तर: एवढ्यात नको रे. मोठ्या कंपनीत एखादाच आयटम हातात येतो, इथे मिरचीपासून पाऊचच्या रोलपर्यंत सगळं तुझ्याच गळ्यात, आणि तेच तर शिकायचंय. ब्याडगी मिरची रंगाला, गुंटूर तिखटाला, नवा माल साधारण जानेवारी-मार्चमध्ये येतो तेव्हा किती घेऊन कोल्ड स्टोरेजला टाकायचा हे एक्सेलमध्ये बसून कळत नाही, सौदे म्हणजे लिलाव बघायला जा (हळदीचे तर तुझ्या गावातच होतात). ओलावा तपासल्याशिवाय माल उतरवू नकोस, पाण्याचे पैसे कशाला द्यायचे! आणि पाऊचवाला नोंदणीकृत लघुउद्योजक असेल तर कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पेमेंट, तेवढं अकाउंट्सच्या मागे लागून करून घे.